साइक्सचे मासे आणि कड्याची नदी

बीड जिल्ह्यातील नद्या कोणत्या, असे वर्गात विचारले की मुले गोदावरी, सिंदफणा, मांजरा ही नावे सांगतात. परंतु आष्टी तालुक्यातील कडा गावाजवळून वाहणारी कडी नदी गोदावरीच्या खोऱ्यात मोडत नाही. तिचे पाणी सीनेकडे, सीनेचे भीमेकडे आणि भीमेचे कृष्णेकडे जाते. म्हणूनच भीमेच्या माशांवरचा एक जुना निबंध कड्याच्या शिक्षकांनी आपल्या घरचा म्हणून वाचायला हवा.

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा ‘दख्खनचे मासे’ हा तो निबंध. साइक्स १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होते. निबंधाचा गोषवारा लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ मध्ये छापला. चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ मध्ये आला. त्यातील अनेक मासे भीमेवरच्या ‘पेरगाव’चे आहेत. हे गाव म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातील पेडगाव, असे मानले जाते.

निबंधाचा मोठा गुण असा, की साइक्स यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत बसवली. खुद्री, कोलूस, संदखोल, ताकरी, गुंगवारी, मुल्या हे शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या यादीत आहेत. चित्रेही त्यांनी ताज्या माशांची मापे घेऊन काढवली. नदीकाठच्या माणसाला मासे कळतात, हे या निबंधाने नकळत मान्य केले आहे. अर्थात ही नावे सांगणारी माणसे कोण होती, हे मात्र आपल्याला कळत नाही.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे. नव्या जातीचे वर्णन ज्या प्रत्यक्ष माशावरून केले, तो मूळ नमुना संग्रहालयात जपण्याची पद्धत आहे. पुढे शंका आली तर त्याच्याशी ताडून पाहता येते. साइक्स यांच्या अनेक जातींचे असे नमुने आज कुठेही उपलब्ध नाहीत. मग गोंधळ झाला तर काय करायचे? प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार बदली नमुना निवडता येतो. पण तो शक्यतो मूळ ठिकाणाजवळचाच असावा लागतो. म्हणजे या नावांचे खरे संग्रहालय भीमेचे खोरे हेच आहे. नदीतून मासा गेला, तर नावाचा आधारच गेला.

ही भीती कल्पनेतली नाही. साइक्स यांच्या यादीतील संदखोल आज जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. कोलूस ‘असुरक्षित’ मानला जातो. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. आज तिथल्या जाळ्यांत परदेशी चिलापीच मुबलक सापडते. चिलापी भारतात १९५२ मध्ये बाहेरून आणली गेली.

‘मासे कमी झाले तर बीज आणून सोडावे’ हा उपाय लगेच सुचतो. पण खुद्रीचाच अनुभव पाहा. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून या महसीराची कृत्रिम पैदास झाली आणि पिल्ले दूरवरच्या नद्यांत, कावेरीतही, सोडली गेली. तिथे खुद्री वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर दिसेनासा होत गेला. तो आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत परकाच ठरतो.

आपली जलसंधारणाची भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे. पाणी किती साठले, हे आपण मोजतो. त्यात कोण जगते, हे विचारत नाही. दुष्काळी भागात नदी आटते तेव्हा मासे डोहात तग धरतात आणि पावसाळ्यात तिथूनच पुन्हा पसरतात. डोहातले शेवटचे पाणी पंपाने उपसले, तर पुढच्या वर्षीचे मासेही त्याबरोबर जातात. मुल्या हा छोटा मासा हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. खोलीकरणात दगडगोटे काढून सरळ चर केला, तर पाणी वाढेलही, पण मुल्याचे घर आणि ताट दोन्ही जाते. दुष्काळी गावाला पाणी हवेच, यात वाद नाही. काही डोह आणि खडकाळ पात्राचे तुकडे तेवढे राखून ठेवावेत, एवढेच मागणे आहे.

साइक्स यांनी जे केले नाही, ते शाळेला करता येईल. एका वहीत सहा रकाने आखावेत: माशाचे स्थानिक नाव, सापडल्याची जागा, महिना, लांबी, पाण्याची स्थिती आणि माहिती देणाऱ्याचे नाव. भोई मंडळींकडून आणि बाजारातून माहिती घ्यावी. मुलांना खोल पाण्यात उतरू देऊ नये. साइक्स यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली नावे वाचून दाखवावीत आणि खरा उच्चार कोणता, ते विचारावे. एखादे नाव कोणालाच ओळखता आले नाही, तर तीही नोंदच समजावी. दहा वर्षे अशी वही चालवली, तर कड्याच्या शाळेजवळ साइक्स यांच्या निबंधात नसलेली माहिती असेल. शेवटचा रकाना मात्र कधीही रिकामा ठेवू नये.