मेंदूची प्रतिमा आणि माणसाची प्रतिमा : ‘अस्तु’ चित्रपटाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की, वृद्ध व्यक्तीच्या विसरण्याकडे आजार म्हणून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली किंवा पायाखालच्या वाटेवर चुकू लागली, तर ‘आता वय झाले’ एवढे स्पष्टीकरण बहुधा पुरेसे मानले जाते. सुशिक्षित वर्गात याच्या नेमकी उलट प्रवृत्ती आढळते. मेंदूचा एम.आर.आय. काढला, अहवाल हाती आला, म्हणजे माणसाचे काय झाले ते पूर्णपणे कळले, असा समज तेथे असतो. एका ठिकाणी आजार नाकारला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी आजारामागचा माणूस दृष्टीआड होतो. या दोन टोकांच्या संदर्भात सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या चित्रपटाचे मोल तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लिंबिक यंत्रणा आणि स्मृती :

फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८७८ साली मेंदूच्या आतील कडेच्या भागास ‘लिंबिक’ हे विशेषण लावले. लॅटिन भाषेत ‘लिंबस’ म्हणजे काठ किंवा किनार. जेम्स पेपेझ यांनी १९३७ साली भावनांशी निगडित अशा मज्जामार्गांचे एक मंडल मांडले आणि १९५२ साली पॉल मॅक्लीन यांनी ‘लिंबिक यंत्रणा’ ही संज्ञा रूढ केली. या यंत्रणेच्या सीमांविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. तथापि तिच्यातील दोन घटक प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाचे आहेत. हिप्पोकॅम्पस हा नवे अनुभव स्मृतीत नोंदविण्यासाठी आवश्यक असलेला भाग होय, तर त्यालगतचा बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भय व अन्य भावनांशी संबंधित आहे.

हिप्पोकॅम्पसचे कार्य एका रुग्णामुळे विशेष स्पष्ट झाले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करण्यात आली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवे प्रसंग व नव्या व्यक्ती लक्षात राहीनाशा झाल्या. तरीही आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य त्यांनी सरावाने आत्मसात केले, हे ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवून दिले. आपण तो सराव केला होता, हे मात्र त्यांना आठवत नसे. स्मृती ही एकसंध वस्तू नसून तिचे प्रकार वेगवेगळे आहेत, ही महत्त्वाची जाणीव या अभ्यासातून दृढ झाली.

अल्झायमर या विकारात सामान्यतः हिप्पोकॅम्पस व त्यालगतच्या भागांची हानी आरंभीच होते. एम.आर.आय. प्रतिमेत हे भाग आक्रसलेले दिसू शकतात. पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या काही भागांतील ग्लुकोजचा घटलेला वापर किंवा विशिष्ट प्रथिनाचे साठे दिसतात. आज सकाळची गोष्ट विसरली जाते आणि बालपणीची मात्र सांगता येते, या नेहमीच्या अनुभवाची संगती यावरून लागते.

प्रतिमांकनाच्या मर्यादाही येथे नोंदविणे आवश्यक आहे. वयानुसार निरोगी मेंदूही काही प्रमाणात आक्रसतो आणि प्रतिमेतील हानी व माणसाचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. शिवाय ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडचे विकार व नैराश्य यांमुळेही विस्मरण होऊ शकते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणूनच ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण निरुपद्रवी म्हणता येत नाही. ज्याचे विसरणे उपचाराने कमी झाले असते, अशा माणसालाही ती उपचारापासून दूर ठेवते.

‘अस्तु’ची मांडणी :

‘अस्तु’ची निर्मिती २०१३ सालची असून चित्रपटगृहांत तो २०१६ साली प्रदर्शित झाला. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुमित्रा भावे यांना संवादलेखनासाठी आणि अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्री म्हणून पुरस्कार मिळाला. अल्झायमर झालेले संस्कृत पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री यांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ही बाब येथे विशेष उल्लेखनीय ठरते. गाडीत बसलेले शास्त्री रस्त्यावरून जाणारा हत्ती पाहतात आणि त्याच्या मागोमाग निघून जातात. मुलगी इरा त्यांचा शोध घेत राहते. इकडे शास्त्री माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. माहुताची कन्नड भाषक पत्नी चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते आणि शास्त्री तिच्यात आई पाहतात.

वैद्यकीय दृष्टीने पाहता ही मांडणी बव्हंशी विश्वसनीय आहे. ज्यांची हयात शब्दांच्या सान्निध्यात गेली, त्या पंडिताजवळ जुने पाठांतर उरते. आपण कोठे आहोत, समोर कोण आहे, हे मात्र उरत नाही. चन्नम्माशी जडलेले नाते ही केवळ भावुक कल्पना आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांचे अभ्यास या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. २०१० साली त्यांनी हिप्पोकॅम्पसची हानी झालेल्या रुग्णांना आणि २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे व आनंदाचे चित्रपटांश दाखविले. पाहिलेले दृश्य विसरल्यानंतरही त्या दृश्याने जागविलेली भावना रुग्णांत टिकून असल्याचे त्यांना आढळले. चन्नम्माने काय केले, हे शास्त्रींना उद्या सांगता येणार नाही. परंतु तिच्याजवळ लाभलेला विसावा त्यामुळे खोटा ठरत नाही. ‘त्यांना कुठे काही कळते आहे ?’ असे म्हणून रुग्णाशी तुटकपणे वागणाऱ्यांना या चित्रपटाने दिलेले उत्तर शास्त्रीय कसोटीवरही टिकते. हिप्पोकॅम्पसची प्रतिमा काय गेले ते दाखविते. काय उरले आहे, ते पाहण्यास चित्रपट आपणास शिकवितो आणि हेच त्याचे प्रमुख यश होय.

‘अस्तु’ कोणी म्हणायचे ?

असे असले तरी या चित्रपटाच्या एका आशयसूत्राची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते. ‘अस्तु’ हे संस्कृत ‘अस्’ धातूचे आज्ञार्थी रूप असून ‘असो’, ‘तसे होवो’ असा त्याचा अर्थ आहे. भूत-भविष्याचा पाश सुटून वर्तमानात राहणे हे तत्त्वज्ञानाचे ध्येय आणि रुग्णाची अवस्था यांत साम्य सुचविण्याकडे चित्रपटाचा कल दिसतो. हे साम्य काव्यात्म असले तरी फसवे आहे. साधकाचे वर्तमान त्याने साधलेले असते, तर रुग्णाचे वर्तमान त्याच्यावर लादलेले असते. या वर्तमानात शांती असू शकते, तशीच भीती, संशय आणि घर ओळखू न येण्याची तगमगही असू शकते. विकाराला सिद्धीचे रूप देणे हे त्याला म्हातारपण म्हणून सोडून देण्याइतकेच दिशाभूल करणारे ठरू शकते.

दुसरा मुद्दा इरा व चन्नम्मा यांच्या तुलनेचा आहे. चन्नम्माची माया निःसंशय खरी आहे आणि अमृता सुभाष यांनी ती कोठेही भडक होऊ दिलेली नाही. परंतु शास्त्रींशी तिला कोणताही भूतकाळ नाही. पंडित शास्त्री तिने पाहिलेलेच नाहीत. समोर आलेला माणूस ती आहे तसा स्वीकारू शकते, याचे एक कारण हेही आहे. इरापुढे मात्र दोन माणसे आहेत, आठवणीतले वडील आणि समोरचे वडील. शास्त्री विसरतात, परंतु ते काय विसरले हे इराला आठवत असते. चन्नम्माचा सांभाळ अल्पकाळाचा आहे, इराचा वर्षानुवर्षांचा. म्हणूनच अशिक्षित स्त्रीची सहजता आणि सुशिक्षित मुलीची दमछाक यांचा विरोध ढोबळपणे वाचला, तर इरावर अन्याय होतो. चित्रपट इराची कोंडी दाखवितो, हे खरे. तथापि प्रेक्षकाच्या मनात अधिक ठसते ती चन्नम्माच. आपल्या समाजात शुश्रूषेचा भार मुख्यत्वे मुली-सुनांवर पडतो, हे ध्यानात घेता चन्नम्माचे उदाहरण त्यांना धीर देण्याऐवजी अपराधी वाटायला लावण्याची शक्यता आहे.

वास्तविक ‘अस्तु’ हा शब्द शास्त्रींचा नव्हेच. स्वीकार करण्यासाठी काय गमावले याचे भान असावे लागते आणि ते भान फक्त इराजवळ आहे. या दृष्टीने पाहिल्यास चित्रपटाचे शीर्षक रुग्णाच्या शांतीचे वर्णन राहत नाही. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला गाठावयाच्या कठीण टप्प्याचे ते नाव ठरते. प्रस्तुत लेखकास हे वाचन अधिक न्याय्य वाटते.

समारोप :

२०२४ साली बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास परवानगी मिळाली. मेंदूच्या तपासण्या उत्तरोत्तर सुलभ होतील, अशी अपेक्षा त्यामुळे ठेवता येते आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. विस्मरण हा आजार असू शकतो, हे गावोगावी पोहोचणे ही पहिली गरज आहे. परंतु अल्झायमर समूळ बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. अहवाल हाती आल्यानंतरची अनेक वर्षे घरातच काढावयाची असतात. त्या वर्षांत रुग्णाशी कसे बोलावे आणि त्याच्या भोवतालच्या इरांना विसावा कोणी द्यावा, हे प्रश्न स्कॅनच्या कक्षेबाहेरचे आहेत. ‘अस्तु’ पहिल्या प्रश्नाचे मनःपूर्वक उत्तर देतो. दुसरा प्रश्न तो पुरेशा स्पष्टपणे विचारीत नाही. महाविद्यालयांत हा चित्रपट दाखविताना चन्नम्मावर चर्चा होईलच. ती इरावरही व्हावी.