बारा हजार वर्षांची उडी आणि तिचा हिशेब

‘पाहता पाहता दहा वर्षे उलटली’ हे वाक्य कथाकाराला फुकट मिळते. नाटकात पडदा पडतो, सिनेमात कॅलेंडरची पाने फडफडतात आणि धावणारा छोटा मुलगा दुसऱ्या क्षणी मिशा फुटलेला नायक होऊन धावत असतो. मधली वर्षे कोठे गेली, ती कोणी कशी मोजली, हे कोणी विचारत नाही. विचारायचे कारणही नसते, कारण ती सर्वांसाठी सारखीच गेलेली असतात.

जपानमधील ॲनिमे मालिकांत मात्र काळाची ही उडी पुष्कळदा कथेचाच विषय होते. माध्यमिक शाळेतील अनेक मुले या मालिका आवडीने पाहतात आणि आपण शिक्षक त्यांना ‘कार्टून’ म्हणून बाजूला सारतो. विज्ञान शिकवणाऱ्याने त्यांकडे एकदा तरी नीट पाहावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी आम्ही दोन मालिका निवडल्या आहेत. एक जुनी, ‘गनबस्टर’ (१९८८-८९), आणि एक अलीकडची, ‘डॉक्टर स्टोन’ (२०१९ पासून). दोघींना आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : काळ पुढे गेला म्हणता, तर त्याचा हिशेब दाखवा.

दोन घड्याळे

‘गनबस्टर’ ही हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली, गायनॅक्स या संस्थेची सहा भागांची मालिका. ती दूरदर्शन संचासाठी नव्हती, थेट व्हिडिओवर प्रसिद्ध झाली. नोरिको ताकाया ही शाळकरी मुलगी अवकाशातील शत्रूशी लढण्यासाठी महाकाय यंत्रमानव चालवायला शिकते, अशी तिची कथा. वरवर पाहता हे नेहमीचेच. पण नोरिकोचे यान प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचते आणि तेथून गोष्ट बदलते. तिच्यासाठी काही महिने जातात, पृथ्वीवर सुमारे दहा वर्षे. ती परत येते तेव्हा अजून सतराच वर्षांची असते आणि तिची वर्गमैत्रीण किमिको एका लहान मुलीची आई झालेली असते.

याला जपानीत ‘उराशिमा परिणाम’ म्हणतात. उराशिमा तारो हा तेथील लोककथेतला कोळी. तो कासवाला वाचवतो, समुद्रातल्या राजवाड्यात थोडा काळ राहतो आणि गावी परततो तो शेकडो वर्षे उलटून गेलेली असतात. आपल्याकडे भागवतात राजा ककुद्मीची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकात जातो, तेथे गाणे चालू असते म्हणून क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर अनेक युगे सरतात. अशा कथा सांगितल्या की वर्गात एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘म्हणजे सापेक्षतावाद त्यांना ठाऊक होता.’ येथे शिक्षकाने थांबावे. लोककथेत वर्षे कमी-जास्त का झाली याचा नियम नसतो. राजवाड्यातला एक दिवस म्हणजे बाहेरची किती वर्षे हे सांगणाऱ्याच्या मर्जीवर असते. १९०५ साली आइन्स्टाइनने दिला तो नियम, आणि तो नववी-दहावीच्या मुलाला वापरता येतो.

यानाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा घ्या. त्याचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा आणि उत्तराचे वर्गमूळ काढा. पृथ्वीवरच्या काळाला या वर्गमुळाने गुणले की यानातला काळ मिळतो. वेग ०.८ असेल तर वर्ग ०.६४, वजाबाकी ०.३६, वर्गमूळ ०.६. पृथ्वीवर दहा वर्षे, यानात सहा. वेग ०.९९ झाला की दहा वर्षांची सुमारे एक वर्ष पाच महिने होतात. दहा वर्षांचे केवळ सहा महिने व्हायला वेग सुमारे ०.९९८७ हवा. हा परिणाम मोजूनही पाहिलेला आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली आणि सापेक्षतावादाने सांगितल्याप्रमाणे सेकंदाच्या अब्जांश भागांचा फरक त्यांत सापडला.

‘गनबस्टर’चे श्रेय असे की हे वर्गमूळ तिने माणसांच्या नात्यांत उतरवले. पाचव्या भागात नोरिकोची ज्येष्ठ सहकारी काझुमी लढाईच्या ऐन मध्यावर खचते. तिचे प्रशिक्षक ओता पृथ्वीवर आजारी आहेत, त्यांचे दिवस मोजके आहेत, आणि येथे लढण्यात गेलेली मिनिटे तेथे महिने म्हणून वजा होत आहेत. लढाई लवकर संपवावी तर चूक होईल, सावकाश लढावे तर तो माणूस हाती लागणार नाही. शत्रूपेक्षा घड्याळाची भीती जास्त वाटावी, असा प्रसंग आम्ही विज्ञानकथेत क्वचितच पाहिला आहे. सहाव्या भागात पृथ्वीवर आणखी सुमारे पंधरा वर्षे गेलेली असतात. काझुमी तेवढा काळ पृथ्वीवर राहून प्रौढ झालेली असते, नोरिको मुलगीच असते, आणि दोघी पुन्हा एकाच यंत्रात शेजारी बसतात. सापेक्षतावाद समजावण्यासाठी याहून सोपे चित्र काढता येईल असे आम्हाला वाटत नाही.

हिशेबात खोटही आहे. इतका वेग देणारी ऊर्जा कोठून आली, हे मालिका पटेल असे सांगत नाही. शेवटची मोहीम आकाशगंगेच्या केंद्राकडे जाते आणि दोघी बारा हजार वर्षांनी परततात. केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशालाही जाऊन यायला ५२,००० वर्षे लागतील. मालिकेत प्रकाशाहून जलद जाण्याची एक काल्पनिक युक्ती आहे, तिने ही अडचण झाकली जाते. मग ‘बारा हजार’ हा आकडा कोठून आला ते प्रेक्षकाला काढता येत नाही. शिवाय मुलींची काही दृश्ये केवळ तरुण प्रेक्षकांना रिझवण्यासाठी घातलेली आहेत. संपूर्ण मालिका वर्गात दाखवावी अशी आमची शिफारस नाही. निवडक भाग पुरे.

अकरा हजार सातशे कोटी सेकंद

‘डॉक्टर स्टोन’मध्ये घड्याळ एकच आहे, पण उडी मोठी आहे. रिइचिरो इनागाकी यांनी लिहिलेल्या आणि बोइची यांनी चितारलेल्या चित्रकथेवरून ही मालिका तयार झाली. एका गूढ प्रकाशाने पृथ्वीवरची सारी माणसे दगड होतात. सुमारे ३७०० वर्षांनी सेन्कू हा विज्ञानवेडा मुलगा दगडातून मोकळा होतो. शहरे मातीत गेली आहेत, जंगल माजले आहे, आणि त्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे.

माणसाचा दगड होणे ही शुद्ध कल्पना. तिचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. त्यापुढचा मात्र मागता येतो, आणि मालिका तो बराचसा देते. वटवाघळांच्या विष्ठेतून गुहेत नायट्रिक आम्ल तयार होते, त्यात मद्यार्क मिसळून सेन्कू दगड विरघळवणारे द्रावण बनवतो. नायट्रिक आम्ल आणि मद्यार्क यांचे मिश्रण धातूंचे पृष्ठभाग तपासण्यासाठी खरोखर वापरतात, त्याला ‘नायटल’ म्हणतात. पुढे एका आजारी मुलीसाठी सल्फा औषध करायचे तर कोणकोणती आम्ले, कोणते अल्क, काचेची कोणती भांडी लागतील, याची साखळी मालिका पायरीपायरीने मांडते. गोळी दुकानात मिळते तेव्हा ती साखळी दिसत नाही. ती दाखवणे हा या मालिकेचा सर्वात मोठा गुण.

सेन्कूला तारीख ठाऊक असते, कारण दगडात अडकलेला असताना तो सेकंद मोजत राहिलेला असतो. थंडीत जाग आली तर मरण, म्हणून वसंत ऋतू साधायचा असतो. तो जागा होतो १ एप्रिल ५७३८ रोजी. एवढ्या वर्षांचे सेकंद होतात सुमारे ११,७०० कोटी. आता मुलांना विचारावे : दहा हजारांत एकच सेकंद मोजायचा राहून गेला तर? ३७१९ वर्षांत सुमारे साडेचार महिन्यांची चूक होईल. एप्रिल समजून जागा झालेला सेन्कू ऑगस्टच्या मध्यात बाहेर येईल, आणि चूक उलट बाजूने झाली तर नोव्हेंबरात, हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणजे त्याची मोजणी अशक्य कोटीतली आहे, पण मोजायला हवे हा विचार अगदी योग्य आहे. वसंत आला की नाही हे ठरवण्याची सोपी रीत, मध्यान्हीच्या सावलीची लांबी, मुलेच सुचवतील.

आणखी एक प्रश्न आकाशाचा. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. ३७०० वर्षांत खगोलीय उत्तर ध्रुव आजच्या ध्रुवताऱ्यापासून सुमारे २० अंश सरकलेला असेल. हात लांब करून वीत पसरली तर आकाशात साधारण तेवढेच अंतर झाकले जाते. मुलांनी ते गच्चीवर जाऊन पाहावे. तीन हजार सातशे वर्षे म्हणजे किती, हे आकड्यापेक्षा त्या वितीतून लवकर कळते.

दगडापेक्षा न पटणारी गोष्ट

या मालिकेवर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला छोट्या उड्यांवर. काच जमत नाही, मिश्रण फसते, हे सारे काही क्षणांच्या झरझर चित्रांत संपते. विज्ञान म्हणजे चिकाटीचे, कंटाळवाणे काम, असे सेन्कू वारंवार म्हणतो. पण तो कंटाळा प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. मोठ्या उडीचा हिशेब देणारी मालिका लहान उड्यांचा देत नाही. प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा फसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे आपणच मंद आहोत असे वाटू शकते.

दुसरा आक्षेप भाषेचा. दगड होण्यातून वाचलेल्या सहा अंतराळवीरांच्या वंशजांचे एक गाव सेन्कूला भेटते. त्यांपैकी एक त्याचा बाप होता. मुलासाठी त्याने ज्ञान शंभर कथांत बांधून ठेवले आणि त्या कथा पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या गेल्या. कल्पना सुरेख आहे, आणि पटणारीही : आपल्याकडे वेदांचे पाठ पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धतींनी तीन हजार वर्षांच्या आसपास मुखोद्गत टिकले. पण पाठ टिकला, बोली टिकली नाही. १२९० सालची ज्ञानेश्वरी मराठीच आहे, तरी वर्गात तिच्या ओव्यांना शब्दार्थ द्यावे लागतात. ३७०० वर्षांनंतरचे गावकरी मात्र सेन्कूशी पहिल्याच भेटीत अस्खलित आजच्या जपानीत भांडतात! माणसाचा दगड झालेला आम्ही मान्य केला, हे मान्य करणे जड जाते.

येथे जुनी मालिका आठवते. ‘गनबस्टर’चा सहावा भाग जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे. बारा हजार वर्षांनी दोघी परततात तेव्हा पृथ्वी काळोखात असते. मग एकेक दिवा लागतो आणि पृथ्वीच्या पृष्ठावर प्रकाशाची अक्षरे उमटतात. घरी परतलेल्याला जपानी माणूस जे म्हणतो ते, ‘या, आलात!’ अशा अर्थाचे ‘ओकाएरिनासाइ’. त्यातले शेवटचे अक्षर उलटे काढलेले आहे. कोणी काही समजावत नाही. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : ही लिपी आता त्या लोकांची राहिलेली नाही. भाषा बदलली, लिपी गेली, पण दोन मुली परत येणार आहेत एवढी आठवण कोणीतरी जपली आणि न येणारी अक्षरे गिरवून त्यांचे स्वागत केले. बारा हजार वर्षे गेल्याचा सर्वात पटणारा पुरावा आम्हाला त्या एका चुकीच्या अक्षरात दिसतो.

‘डॉक्टर स्टोन’मध्ये तपशील खरे आहेत आणि मूळ कल्पना अद्भुत आहे, ‘गनबस्टर’मध्ये तपशील अद्भुत आहेत आणि मूळ कल्पना खरी आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला पहिली जास्त उपयोगी पडेल. पण काळ म्हणजे काय, हे शिकवायचे असेल तर आमचे मत दुसरीला आहे. मुलांना मालिका पाहू नका असे सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी पडद्यावर ‘दहा वर्षांनंतर’ आले की वही उघडा, एवढेच सांगावे. कोणाची दहा वर्षे, कोणत्या घड्याळाने मोजलेली आणि तेवढ्यात काय काय बदलायला हवे होते, हे तीन प्रश्न त्यांनी स्वतः विचारले, तर तासाचे काम झाले.