सोबतिणीची साक्ष

प्रवास पुष्कळदां दोघांचा असतो. प्रवासवर्णन मात्र एकट्याचें होतें. १९३५ सालीं ग्रॅहम ग्रीन हे इंग्रज कादंबरीकार आपली चुलत बहीण बार्बरा हिच्यासह पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरियाचें अरण्य पायीं तुडवून आले. परंतु त्यांच्या ‘जर्नी विदाउट मॅप्स’ (१९३६) ह्या ग्रंथांत ही सोबतीण ओझरतीच भेटते. ग्रीन ह्यांचा शोध स्वतःच्या अंतरंगाचा होता, तेथें दुसऱ्यास जागा कोठून असणार, असें म्हणून ही उणीव क्षम्य मानतां येईल. आम्हांस मात्र ती खटकते.

वाटेंत ग्रीन तापानें फणफणले. त्या दुखण्यांत आपणांस जगण्याची ओढ प्रथमच उमगली, असें ते लिहितात. बार्बराबाईंच्या ‘लँड बीनाइटेड’ (१९३८) ह्या पुस्तकांत त्याच रात्रीं त्या, भाऊ आतां वांचत नाहीं असें समजून, त्याच्या दफनाची व्यवस्था शांतपणें मनाशीं ठरवीत असलेल्या दिसतात! एकाचा साक्षात्कार ती दुसरीची काळजी होती. ही साक्ष नसती, तर ग्रीन ह्यांचें कथन सुंदर असूनही अर्धेंच राहिलें असतें.

म्हणून हीं दोन्ही पुस्तकें जोडीनेंच वाचावीं. आणि दोघांचें सामान वाहणाऱ्या हमालांनीं तिसरें लिहिलें असतें, तर त्यांत काय असतें, ह्याचाही वाचकांनीं विचार करावा.