शब्द न बदलता फॉरवर्ड : 'आरएफसी १८५५' आज वाचताना

ऑनलाइन गटचर्चेतल्या शिष्टाचारावर काम करायचं ठरवलंत, की 'आरएफसी १८५५' शी तुमची गाठ पडणारच. ऑक्टोबर १९९५ मधला हा छोटासा दस्तऐवज. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या एका कार्यगटासाठी तो लिहिला. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं, दोघांचा वाद दोघांनीच खासगीत मिटवावा, असे त्यातले नियम आजही पटतात. पण म्हणून ते जसेच्या तसे उचलून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला मोजपट्टीसारखे लावू नका.

एक नियम बघा : गटात काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. अनोळखी माणसांच्या गटात हे शहाणपणाचंच. पण खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीसारख्या गावाच्या ग्रुपची कल्पना करा. तिथं सदस्य एकमेकांचे काका, वहिनी, शाळासोबती. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली आणि तुम्ही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं नाहीत, तर तेही लोकांच्या लक्षात राहतं. इथं गप्प राहणं हीसुद्धा एक कृती असते. तुमच्या विदेत ती 'शून्य मेसेज' म्हणून नोंदली गेली, तर अर्थच हरवला.

दुसरा नियम जास्त अडचणीचा : फॉरवर्ड करताना शब्द बदलू नका, श्रेय द्या. ईमेल फॉरवर्ड केला, की मूळ पाठवणारा आणि वेळ बहुधा सोबत येते. व्हॉट्सॲपवर शब्द शाबूत राहतात, पण कुणी आणि कधी लिहिलं हे गळून जातं. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा रात्री आठ वाजताचा खरा मेसेज दहा वाजता दिशाभूल करू शकतो, एकही शब्द न बदलता. आणि मूळ मजकूरच खोटा असेल तर? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. म्हणजे जे काम शिष्टाचारानं व्हायला हवं होतं, ते बटणावर सोपवावं लागलं.

मग हा दस्तऐवज टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्यातलं एक वाक्य तर संशोधकांनी भिंतीवर लावावं असं आहे : खासगी मेसेज गटात टाकण्याआधी लिहिणाऱ्याची परवानगी घ्या. ॲडमिननं तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं, याचा अर्थ सगळ्यांनी आपले मेसेज तुमच्या प्रबंधासाठी दिले असा होत नाही. नाव झाकलं तरी गावात बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो. तेव्हा नियमांची यादी हातात घेऊन ग्रुप तपासायला निघण्याआधी स्वतःला विचारा : मी ज्यांचं बोलणं वाचतोय, त्यांना ते माहीत आहे का?