उशिरा ऐकलेली तबकडी : 'ऑब्सेशन ७७'

१९७०च्या दशकात मुंबईत, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये, पोरे रॉक वाजवीत आणि आपली वडीलधारी माणसे त्याला गोंगाट म्हणत. त्याच काळातला मुंबईचा बँड 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी म्युझिक इंडियाने काढली ती १९८१ साली. तोवर बँड मोडला होता. मग ती घेणार कोण? पुढे जुन्या तबकड्यांच्या शौकिनांनी ती हुडकली आणि २०११ साली अमेरिकेतील नाऊ-अगेन कंपनीने हे संगीत पुन्हा काढले.

आम्ही ती आता शांतपणे ऐकली. काही गाण्यांत विलायती बँडांची छाप उघड दिसते. पण 'ऑब्सेशन ७७' या मुख्य तुकड्यात नील चट्टोपाध्याय यांची गिटार तापलेल्या, खरखरीत स्वरात बोलते. तो स्वर उसना वाटत नाही. एवढ्यासाठी तरी तबकडी जपण्याजोगी आहे.

कोणीतरी प्रत जपली, म्हणूनच ती शौकिनांच्या हाती लागली. आपल्या घरांतही कीर्तनांच्या आणि एलियाहू हन्नाबीच्या गाण्यांच्या कॅसेटी पडून असतील. भंगारात टाकण्यापूर्वी त्या एकदा नातवंडांना ऐकवा.