कॅप्टन नेमोचं नाव कुणी फाडलं?

(देवगाव फाटा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय आहे ज्यूल व्हर्नच्या विज्ञान कादंबऱ्या आणि त्यांच्यावर निघालेले सिनेमे. लेखक फ्रान्सचा, पण सुरुवात मी दुधनेपासून करणार आहे. व्हर्नची १८८० सालची एक कादंबरी आहे, वाफेवर चालणाऱ्या पोलादी हत्तीची. हा हत्ती चाकांवरची घरं ओढत कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतो. पण कादंबरी उघडते ती आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी. दुधनेच्या काठी एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवर जाहीरनामा लागलाय. सत्तावन्नच्या बंडातला एक पुढारी मुंबई इलाख्यात शिरलाय, त्याला जिवंत किंवा मेलेला हजर करा आणि दोन हजार पौंड घेऊन जा. गंमत अशी, की ज्याच्यावर हे बक्षीस आहे त्याचं नावच कागदावर नाही. एका फकिरानं नेमका तेवढा कोपरा फाडून नेलाय. नाव होतं नानासाहेब पेशव्यांचं.

आता औरंगाबाद वसलंय खाम नदीवर, दुधना तिथून पूर्वेला. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नाही, नकाशे आणि प्रवासवर्णनं पुढ्यात घेऊन लिहायचा. तरी आपल्या सेलूकडून वाहणारी दुधना त्याला फ्रान्समध्ये बसून सापडली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. तो फाडलेला कोपरा मात्र लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

व्हर्नचा सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे कॅप्टन नेमो. नॉटिलस पाणबुडीचा मालक. लॅटिनमध्ये नेमो म्हणजे ‘कोणीही नाही’. तो दोन कादंबऱ्यांत येतो. पहिली समुद्राखालच्या वीस हजार लीगांच्या प्रवासाची, १८७० ची. तिच्यात तो कोण, कुठला, हे व्हर्न सांगत नाही. पण खुणा ठेवतो. नेमोच्या खोलीत स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांची चित्रं आहेत: पोलंडचा कोशियुश्को, अमेरिकेचे वॉशिंग्टन आणि लिंकन, गुलामगिरीविरुद्ध लढून फासावर गेलेला जॉन ब्राऊन. सिलोनजवळ एका गरीब पाणबुड्यावर शार्क धावून येतो, तेव्हा नेमो सुरा घेऊन मध्ये पडतो. त्या माणसाला वाचवतो, वर मोत्यांची थैली देतो. आणि आपणही याच्यासारख्या दबलेल्या देशाचे आहोत, असं बोलून जातो.

दुसरी कादंबरी रहस्यमय बेटाची, १८७४-७५ ची. अमेरिकन यादवी युद्धातले पाच कैदी बलूनमधून पळतात आणि निर्जन बेटावर येऊन पडतात. कुणीतरी लपून त्यांना मदत करत असतं. शेवटी कळतं, की तो म्हातारा झालेला नेमो आहे. मरणापूर्वी तो आपलं नाव सांगतो: राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. दहाव्या वर्षी बापानं शिकायला युरोपात पाठवलं. विज्ञान शिकला, कला शिकला, परत आला, सत्तावन्नमध्ये लढला. बायको-मुलं मारली गेली, डोक्यावर बक्षीस लागलं. उरलेल्या वीस साथीदारांना घेऊन त्यानं एका निर्जन बेटावर पाणबुडी बांधली. म्हणजे आपण जिला ‘पाश्चात्त्य विज्ञानाची कल्पना’ म्हणतो, ती नॉटिलस बांधणारा माणूस आहे झाशीच्या शेजारचा.

मी स्वतः सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं. मित्राच्या घरी, व्हिडिओ कॅसेटवर. डिस्नेचा १९५४ चा सिनेमा, नेमोच्या भूमिकेत जेम्स मेसन. अप्रतिम काम. राक्षसी स्क्विडबरोबरची लढाई आजही बघण्यासारखी आहे. कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले, ते उगाच नाही. पण यातला नेमो इंग्रज वळणाचा गोरा सद्गृहस्थ आहे. त्याचं दुःख ठेवलंय: कैदेतला छळ, मारलेली बायको आणि मूल. कुणी मारलं? एक बिननावाचा देश. सिलोनचा पाणबुड्या नाही. शेवटी बेटावर स्फोट होतो, आणि धुराचा ढग अणुबॉम्बसारखा वर चढतो. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेनं पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली होती, आणि तिचंही नाव नॉटिलस. सिनेमा आपल्या काळाच्या भीतीबद्दल बोलला, याला माझी हरकत नाही. रूपांतरानं तेवढं करावंच. पण अणुबॉम्ब आत आणताना सत्तावन्न बाहेर काढलं.

कुणी म्हणेल, पहिल्या पुस्तकात नाव नाहीच, मग डिस्नेचा दोष काय? मान्य. ही सवलत १९६१ च्या सिनेमाला मात्र देता येत नाही. तो थेट रहस्यमय बेटावरच काढलेला आहे, म्हणजे ज्या पुस्तकात नाव कळतं, त्याच पुस्तकावर. त्यात रे हॅरीहाउजेनचे अवाढव्य खेकडे आहेत, मधमाश्या आहेत. जगाची भूक मिटावी म्हणून नेमो प्राणी मोठे करतोय, हीही कल्पना चांगली. नेमो झालाय हर्बर्ट लोम. बुंदेलखंड गायब!

असं वाटेल, की जुने सिनेमे असेच असायचे. पण १९१६ च्या मूकपटानं दोन्ही पुस्तकं एकत्र करून नेमोला हिंदी राजपुत्र दाखवलं होतं. तोंडाला रंग फासलेला गोरा नटच होता, आणि राज्य गमावण्याची गोष्ट एका दुष्ट माणसाच्या खासगी वैरावर आणून ठेवली होती, तरी नाव होतं. १९७५ साली सोव्हिएत टीव्हीनं तीन भागांत ‘कॅप्टन नेमो’ केला, आणि त्यात वाफेच्या हत्तीच्या कादंबरीतला हिंदुस्थानही घेतला. म्हणजे पुस्तकात होतं ते दाखवता येत होतं. दाखवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मग २००३ साली आपले नसीरुद्दीन शाह नेमो झाले. एका कॉमिकवरून काढलेला हॉलिवूडपट. पगडी, दाढी, तलवार, कालीची मूर्ती, सगळं आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण हा नेमो इंग्रज सरकारच्या कामगिरीवर निघालेल्या टोळीत आहे. ज्यानं इंग्रजांवरच्या रागापायी जमीन सोडली, तो त्यांना जहाज पुरवतोय. रंग परत आला, राग परत आला नाही. २०२४ च्या ‘नॉटिलस’ मालिकेत तोही आला. शझाद लतीफचा नेमो कंपनीचा कैदी आहे, आणि कंपनीचीच पाणबुडी पळवतो. मालिका लांबलीय, दहा भागांत साहसामागून साहस येत राहतं, पुस्तकातलं नेमोचं एकटेपण त्या गर्दीत हरवतं. तरी त्याचं भांडण कुणाशी आहे, हे ती विसरत नाही.

आता व्हर्नलाही सोडायला नको. त्याचा बुंदेलखंडचा हिंदू राजपुत्र टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्या लागतो! टिपू १७९९ मध्येच गेला, म्हैसूर कुठं, बुंदेलखंड कुठं. दोन कादंबऱ्यांतली सालं एकमेकांशी जुळत नाहीत. आणि ज्यानं डक्करला नायक केला, त्यानंच हत्तीच्या कादंबरीत नानासाहेबांना खलनायक केला. शिवाय नेमो मुळात हिंदी नव्हताच. व्हर्नच्या मनात होता रशियाशी लढलेला पोलिश सरदार. रशियात पुस्तकं खपायची, म्हणून प्रकाशक एत्झेलनं ते होऊ दिलं नाही. मरताना नेमोच्या तोंडी हस्तलिखितात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द होता, छापताना तिथं देव आणि देश आले. म्हणजे कोपरा फाडायला सिनेमावाल्यांच्या आधी प्रकाशकानंच सुरुवात केली होती. फकिरानं नाव फाडलं ते माणूस वाचावा म्हणून. यांनी फाडलं ते धंद्याला अडचण नको म्हणून.

म्हणून रूपांतर पाहताना प्रसंग किती गाळले, हे मी मोजत बसत नाही. दोनशे पानं दोन तासांत मावत नाहीत. मी एवढंच बघतो, की यंत्र कुणी बांधलं आणि कशासाठी, याचं उत्तर तेच राहिलं का. ते बदललं, की उरते नुसती पाणबुडी.

(प्रश्नोत्तरांत एका शिक्षिकेने विचारले, “मग सर, मुलांना सिनेमा दाखवायचा की नाही?”)

दाखवा ना मॅडम! १९५४ चाच दाखवा, पोरं खूश होतील. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यामुळे आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांच्या हाती तो लागला. सिनेमा संपला, की सिलोनच्या पाणबुड्याचं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचा. आणि मग विचारा, हा नेमो कुठला असेल? एखादं पोरगं म्हणेल, इंग्लंडचा. त्याला लगेच चूक म्हणू नका. दुसऱ्या पुस्तकातलं त्याचं मरणापूर्वीचं बोलणं त्यालाच वाचायला द्या.