त्रैक्याचें कोडें आणि पंडिता रमाबाई

घोटीहून वैतरणेच्या बाजूनें त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूस तेथील गाभाऱ्यांत नेहमींच्या उंच लिंगाऐवजीं एक खळगा दिसतो. त्या खळग्यांत अंगठ्याएवढीं तीन लिंगें आहेत. तीं ब्रह्मा, विष्णु आणि महेश यांचीं मानतात. या भागांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास ख्रिस्ती धर्मांतील त्रैक्याविषयीं विचारलें, तर तो बहुधा या खळग्याकडेच बोट दाखवील आणि म्हणेल, "त्यांत नवीन तें काय? आमच्याकडेहि तीन आहेत आणि तिन्ही मिळून एकच आहेत." हें उत्तर सौजन्याचें आहे, परंतु बरोबर नाहीं. तें कां बरोबर नाहीं हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें पंडिता रमाबाईंचा पत्रसंग्रह अवश्य वाचावा.

त्रिमूर्तींत कामाची वांटणी आहे: एकानें उत्पन्न करावें, दुसऱ्यानें पाळावें, तिसऱ्यानें संहारावें. इ. स. 325 मध्यें निकीया येथें व 381 मध्यें कॉन्स्टंटिनोपल येथें भरलेल्या धर्मसभांतून जो सिद्धांत ठरत गेला, त्यांत अशी वांटणी नाहीं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचें तत्त्व एकच. जगाच्या बाबतींत तिघांची कृतिहि एकच. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा. पुत्र पित्यापासून जन्मलेला, पण कालांत नव्हे. आत्मा निघालेला, पण विभक्त नव्हे. तीन देव म्हणाल तर पाखंड, आणि एकाच देवाचीं तीन सोंगें म्हणाल तरीहि पाखंड! या दोन खड्ड्यांमधील अरुंद वाटेचें नांव त्रैक्य. आपल्या भाषेंत या तिघांस 'व्यक्ति' म्हणावें, तर आजचा वाचक तीन निरनिराळीं माणसें डोळ्यांपुढें आणतो. संस्कृतांतील 'प्रकटीकरण' हा अर्थ घ्यावा, तर सोंगांकडे घसरतो. येथें भाषाच वाचकाचा पाय घसरवते.

रमाबाईंस हा घोटाळा भाषेच्या अज्ञानानें झाला नव्हता. 1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें चेल्टनम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत असतांना ख्रिस्ताचें ईश्वरत्व व त्रैक्य यांविषयींच्या त्यांच्या शंका उघड झाल्या. वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डीन आणि विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो सिस्टर जेराल्डीन यांनीं जुळविला, अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं तो 1977 सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें इंग्रजींत प्रसिद्ध केला.

या पत्रांत वाद देवाच्या संख्येचा दिसतो. आमच्या मतें खरा वाद प्रमाणाचा आहे. जेराल्डीनबाईंच्या दृष्टीनें चर्चनें शिकविलेलें नम्रपणें स्वीकारावें, आणि तसें न करणें हा अहंकार होय. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, स्वदेशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्या पुरोहितांचें घेण्यासाठीं नव्हे. शास्त्र स्वतः वाचावें आणि सदसद्विवेकास पटेल तें मानावें. बीलबाईंनीं मात्र शंकेस शंका म्हणूनच वागविलें. त्या युक्तिवादास युक्तिवादानें उत्तर देतात, आणि म्हणून त्यांचीं पत्रें आजहि वाचवतात.

येथें पणास काय लागलें होतें हें विसरूं नये. विधवा, परदेशांत, ज्यांच्या घरीं राहिल्या त्यांच्याच उपकारांखालीं दबलेल्या, आणि लहान मुलगी पदरीं. अशा स्थितींत 'मला हें पटत नाहीं' असें लिहिणें म्हणजे आश्रयाचा आधारच धोक्यांत घालणें होय. ज्यांनीं धर्मांतरामुळें त्यांस स्वदेशीं दूषण दिलें, त्यांनीं हीं पत्रें वाचलीं असतीं तर विकत घेतलेल्या श्रद्धेचा आरोप त्यांच्या तोंडून निघाला नसता.

संग्रहाचा दोष सांगणेंहि आमचें कर्तव्य आहे. जुळणी करणाऱ्या बाई स्वतः वादांतील एक पक्ष होत्या, आणि त्यांच्या टिपणांतून न्यायाधीशाचा सूर वारंवार उमटतो. शिवाय रमाबाईंचा स्वर परभाषेंतून येतो. 'स्त्रीधर्मनीति' आणि अमेरिकेचें प्रवासवृत्त लिहिणारी मराठी लेखणी येथें नाहीं. ज्या शंका त्यांनीं मनांत मराठींत किंवा संस्कृतांत घोळविल्या असतील, त्या दुसऱ्याच भाषेचे कपडे घालून समोर येतात.

पुढें रमाबाईंच्या शंका निवळल्या. हिंदुस्थानांत परतल्यावर 1891 च्या सुमारास आपणांस ख्रिस्त खऱ्या अर्थानें सांपडला, असें त्यांनींच आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. त्यामुळें चेल्टनमच्या पत्रांस कच्च्या वयाची चूक मानण्याकडे भाविक वाचकाचा कल होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर केलें. 1922 सालीं त्या वारल्या, आणि तें 1924 सालीं संपूर्ण प्रसिद्ध झालें. त्या कामांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्द त्यांनीं पुनःपुन्हां मराठींत उतरविले. 'त्रैक्य' या शब्दासाठीं मात्र त्यांस प्रतिशब्द शोधावा लागला नाहीं, कारण मूळ ग्रंथांत तो शब्दच नाहीं. पुढाऱ्यांनीं सांगितलें म्हणून नव्हे, ग्रंथांत काय आहे तें स्वतः पाहीन, हा जो हट्ट त्यांनीं तरुणपणीं धरला होता, तोच म्हातारपणीं भाषांतर होऊन बसला. श्रद्धा बदलली, वाचण्याची रीत बदलली नाहीं.

म्हणून त्र्यंबकेश्वराच्या खळग्याकडे बोट दाखविणाऱ्या आमच्या मित्रास एवढेंच सांगणें आहे. दोन धर्मांत साम्य पाहणें हें चांगल्या मनाचें लक्षण खरें. परंतु जो भेद जाणत नाहीं, त्यास साम्यहि कळत नाहीं. रमाबाईंस तो भेद कळला होता, म्हणूनच त्यांस शंका आली. आणि अशी शंका आळशी संमतीहून देवास अधिक मान देणारी असते, असें आम्हांस वाटतें.